काळ्याचे पांढरे

या पॅरिसमध्ये करडा रंग जवळजवळ नाहीच. पाऊस पांढरा पडतो आणि काळ्या रस्त्यावर मावळतो. खिडक्या पेटलेल्या असतात, नाहीतर नसतातच. भिंतीच्या कडेने कुणी चालत आलं की आधी खांद्याची कड दिसते, मग कपाळाचा तुकडा, मग नाकाच्या एका बाजूची पांढरी फाक. उरलेला चेहरा आपण मनाने पुरा करायचा. माणूस दिव्याखालून दोन पावलं पुढे सरकला की त्याचा कोट रात्रीला मिळतो आणि चेहरा तेवढा हवेत राहतो. आणखी दोन पावलांनी तोही जातो. शहर मात्र तसंच उभं असतं, अर्धं दिसणारं आणि अर्धं गृहीत धरलेलं.

‘रेनेसाँस’ हा फ्रेंच ॲनिमेशनपट २००६ साली आला. दिग्दर्शक क्रिस्तियाँ वोल्कमान. त्याच वर्षी आन्सीच्या ॲनिमेशन महोत्सवात त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ‘क्रिस्टल’ मिळाला. तिकीटबारीवर मात्र तो चालला नाही. कथेचं साल २०५४. इलोना तासुयेव नावाच्या तरुण संशोधक बाईला कुणीतरी पळवून नेतं. ती ‘ॲव्हलॉन’ या अजस्र कंपनीत कामाला असते. ही कंपनी आरोग्य, सौंदर्य आणि तारुण्य विकते आणि शहराच्या भिंतीभिंतीवर तिच्या जाहिराती झळकत असतात. इलोनाचा तपास कारास नावाच्या पोलीस अधिकाऱ्याकडे येतो. हा माणूस कमी बोलणारा, वरिष्ठांना न जुमानणारा, झोपेचं खोबरं झालेला. इलोनाची मोठी बहीण बिस्लान त्याला वाटेत भेटते. इंग्रजी आवृत्तीत कारासला डॅनियल क्रेगचा आवाज आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस हा नट जेम्स बाँड म्हणून जगासमोर आला.

एवढं सांगितलं की रहस्यकथा वाचणाऱ्याला पुढचं बरंचसं आपोआप कळतं. गोष्ट मळलेल्या वाटेनेच जाते आणि संवादही काही ठिकाणी लाकडी वाटतात. तरीही अधूनमधून, घरातले दिवे मालवून, मी हा चित्रपट पुन्हा लावतो. त्यातल्या चेहऱ्यांकडे बघत राहावंसं वाटतं, एवढंच त्याचं कारण. माझं स्वतःचं वय जसजसं पुढे सरकतं आहे तसतसे ते चेहरे मला जास्त काही सांगू लागले आहेत.

ते कसे घडवले हे समजून घेतल्यावर तर नजर तिथून हलत नाही. नटांनी हा चित्रपट एका रिकाम्या दालनात केला. अंगाला घट्ट बसणारे कपडे, सांध्यासांध्यांवर चमकत्या टिकल्या आणि भोवती कॅमेऱ्यांचं रिंगण. या कॅमेऱ्यांना माणूस दिसत नाही. दिसतात फक्त टिकल्या. कोपर कुठे आहे, गुडघा कुठे वळला, मान किती झुकली, एवढंच ते टिपतात. त्या आकड्यांच्या सांगाड्यावर संगणकात देह चढवला जातो. अभिनय होऊन गेलेला असतो आणि दिवा अजून लागायचाच असतो. नट घरी गेल्यावर कुणीतरी संगणकापुढे बसून ठरवतो की उजेड कुठून येणार.

आणि इथे उजेडाला मधली पायरीच नाही. एका मर्यादेच्या वर असलेलं सगळं पांढरं, खालचं सगळं काळं. हाताने काढलेल्या चित्रात नाकाला रेघ असते, ओठांना रेघ असते, अंधारातही ती सोबतीला येते. या चित्रपटात तशी बाह्यरेषा नाही. काळं जिथे संपतं आणि पांढरं जिथे सुरू होतं ती सीमा म्हणजेच नाक, तीच हनुवटी. दिवा जरा सरकला तर नाक नाहीसं होतं. वर नेला तर डोळ्यांच्या जागी खोबणी उरतात. लहानपणी वीज गेली की हनुवटीखाली बॅटरी धरून आम्ही एकमेकांना घाबरवायचो, तेव्हा घरातलंच माणूस क्षणभर परकं व्हायचं. तो खेळ इथे दीड तासाहून अधिक चालतो, फक्त बॅटरी धरणारा पक्का जाणकार आहे.

काळ्या-पांढऱ्याची ही रीत ‘नॉयर’ची, आणि त्या रीतीचं बारसं पॅरिसमध्येच झालं. जर्मन ताब्याच्या वर्षांत फ्रान्समध्ये अमेरिकी चित्रपट येत नव्हते. युद्ध संपलं आणि १९४६च्या उन्हाळ्यात साचलेले चित्रपट एकदम येऊन पडले. ‘द माल्टीज फाल्कन’, ‘लॉरा’, ‘डबल इन्डेम्निटी’. हॉलिवूडने ते काही वर्षांच्या काळात एकेक करून काढले होते. पॅरिसच्या प्रेक्षकाने ते एकत्र पाहिले, आणि त्या सगळ्यांवर एकच सावली आहे हे त्याच्या ध्यानात आलं. नीनो फ्रांक या समीक्षकाने त्यांना ‘फिल्म नॉयर’ म्हटलं. गंमत अशी की ती सावली मुळात युरोपातूनच तिकडे गेली होती. फ्रिट्झ लांग, बिली वाइल्डर, ऑटो प्रेमिंजर ही माणसं व्हिएन्ना-बर्लिनच्या जगातून अमेरिकेत पोचलेली. घर सुटलेल्या माणसांनी परक्या शहरातल्या रात्री चितारल्या आणि त्या रात्री समुद्र ओलांडून परत आल्या.

त्याच सुमाराला, १९४५ साली, गालिमार प्रकाशनाने ‘सेरी नॉयर’ ही रहस्यकथांची माला सुरू केली. काळी मुखपृष्ठं, खिशात मावतील अशी पुस्तकं. ‘रेनेसाँस’च्या लेखनाला हात लावणाऱ्यांपैकी पात्रिक रेनाल हा पुढे बरीच वर्षं त्या मालेचा संपादक होता, आणि जाँ-बेर्नार पुई तिचा लेखक. आपल्याकडे तेव्हा बाबूराव अर्नाळकरांचा अंमल होता. झुंजार, धनंजय, काळा पहाड. भाड्याच्या वाचनालयातून आणलेली, कोपरे दुमडलेली ती पुस्तकं उशीखाली ठेवून झोपणाऱ्या पिढ्या महाराष्ट्रात होऊन गेल्या. त्यांतल्या शेवटच्या खेपेचा मी वाचक. अर्नाळकरांच्या काळोखात शिरताना एक भरवसा असायचा: शेवटच्या पानापर्यंत सगळं उलगडणार आणि आपण शांत झोपणार. नॉयरमध्ये तो भरवसा नाही. तिथेही गुन्हा उलगडतो, पण उलगडल्यावर कळतं की ज्याला हातकड्या घालायच्या तो हाताला लागण्याजोगा नाहीच.

पॅरिसला भविष्यकाळात नेऊन बसवण्याची खोडही फ्रेंचांना जुनीच. १९६२ साली क्रिस मार्करने ‘ला झते’ केला. अठ्ठावीस मिनिटांचा आणि जवळजवळ सगळा स्थिर छायाचित्रांचा. महायुद्धात शहर बेचिराख झालेलं, वाचलेली माणसं जमिनीखाली. १९६५ साली गोदारने ‘आल्फाव्हिल’ केला, त्यात तर एकही सेट बांधला नाही. त्या काळी पॅरिसमध्ये काच-काँक्रीटच्या नव्या इमारती उठत होत्या. छायाचित्रकार राऊल कूतारने त्यांचे जिने, लिफ्टा आणि कॉरिडॉर रात्रीचे टिपले, आणि तेवढ्यावर दूरच्या भविष्यातलं एक शहर उभं राहिलं. एका यंत्राच्या हुकमतीखालचं. भविष्य आलेलंच आहे, फक्त संध्याकाळ होऊ द्या, असं गोदार जणू म्हणत होता.

वोल्कमानने उलट बाजूने सुरुवात केली. त्याच्या पॅरिसमधली एकही वीट खरी नाही, सगळं संगणकात रचलेलं. पण ते ओळखू येतं. एकोणिसाव्या शतकात, १८५३ ते १८७०च्या दरम्यान, ओस्मानने जुनं शहर फोडून जे रुंद रस्ते आणि एका उंचीच्या दगडी दर्शनी भिंती उभ्या केल्या त्या २०५४मध्येही तशाच आहेत. आयफेल मनोरा आहे. फक्त या जुन्या शहराच्या अंगाखांद्यावर नवं शहर चढलं आहे: पुलांवर पूल, मजल्यांवर मजले, पायाखाली काचेचे पदपथ. चालणाऱ्याला खालची वाहतूक दिसते आणि खालच्याला चालणाऱ्याचे तळवे. पारदर्शक शहरात लपायचं कुठे, हा प्रश्न कंपनीच्या मारेकऱ्यांनी सोडवलेला असतो. त्यांच्या अंगावरचा पोशाख त्यांना अदृश्यच करतो.

शहराची घडी कुठेही विस्कटलेली नाही. दुष्काळ नाही, अवशेष नाहीत, चौकाचौकात रणगाडे नाहीत. रस्ते धुतल्यासारखे आणि गाड्या डौलदार. धाक वाटतो तो या टापटिपीचाच. लोकांच्या मनातली एकुलती एक भीती कंपनीने हेरली आहे आणि तिचा हप्ता बांधून दिला आहे.

खऱ्या पॅरिसचा रंग मात्र करडाच. त्याच्या छपरांवर जस्ताचे पत्रे आहेत. पावसात ते आभाळात विरघळतात आणि शहर आणि आकाश यांच्यात फट राहत नाही. ते पत्रे बसवणाऱ्या कारागिरांच्या कसबाची २०२४च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोने वारसा म्हणून नोंद केली. वोल्कमानने पॅरिसचं सगळं ठेवलं आणि नेमका हा करडा काढून घेतला. तो गेल्यावर शहराचं काय होतं हे पाहता पाहता, चेहऱ्यांचं काय होतं हेही दिसू लागतं.

मी जिथे केस कापायला जातो तिथला पोरगा कात्री खाली ठेवताना न चुकता विचारतो, “काका, कलप लावू?” आग्रह नसतो त्यात, दुकानाचा शिरस्ता असतो. समोरच्या आरशाभोवती पांढरेशुभ्र दिवे आहेत आणि त्या उजेडात कानशिलांवरचा करडेपणा लपत नाही. आमचे वडीलधारे एके काळी ऐटीत सांगायचे की आमचे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत. पांढऱ्या केसांवर तेव्हा भांडण जिंकता येत असे. आता त्याच केसांबद्दल दुकानदार हळू आवाजात चौकशी करतो. मी नको म्हणतो. पण नको म्हणण्याआधी क्षणभर आरशात बघतोच. त्या क्षणभरावर ॲव्हलॉनचा सगळा धंदा उभा आहे.

कंपनीचं नाव वाऱ्यावरून आलेलं नाही. आर्थर राजाच्या दंतकथेत ॲव्हलॉन हे बेट आहे. शेवटच्या लढाईत घायाळ झालेल्या राजाला तिथे नेतात, जखमा भरून याव्यात म्हणून. इलोनाचं संशोधन ज्या धाग्यातून पुढे जातं तो धागाही जखमेसारखाच आहे: प्रोजेरिया. लहान मुलांवर म्हातारपण लादणारा हा दुर्मीळ आजार. केस गळतात, कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या कडक होतात आणि साधारण चौदाव्या-पंधराव्या वर्षाच्या आसपास बहुतेकांचं हृदय थकतं. मन मात्र त्या वयाच्या मुलाचंच असतं. २००९ साली ‘पा’ चित्रपटात अमिताभ बच्चनने असा मुलगा उभा केला तेव्हा आपल्याकडे हा शब्द घरोघरी पोचला. जनुकातल्या एका अक्षराच्या बदलाने हे होतं, हा शोध २००३चा. वोल्कमानची मंडळी तेव्हा आपल्या पॅरिसची जुळवाजुळव करत होती. चित्रपटातला डॉ. म्युलर या मुलांसाठीच प्रयोगशाळेत शिरलेला असतो. म्हातारपण इतक्या लवकर का येतं हे शोधता शोधता, ते येऊच नये याची किल्ली हाताला लागू शकते, अशी ही कल्पना. दयेने सुरू झालेली वाट तिजोरीपाशी पोचते.

अमर होण्याची गोष्ट निघाली की मराठी मन वर मागणाऱ्यांकडे आधी जात नाही. ते अश्वत्थाम्याकडे जातं. त्याला अमरपण मिळालं ते शाप म्हणून. कपाळावरचा मणी काढून घेतलेला, जखम भळभळती, आणि मरणाची सोय नाही. सातपुड्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या अस्तंब्याच्या डोंगरावर दिवाळीत यात्रा भरते. आदिवासी भाविक रात्रीचा चढ चढून जातात. जखमेसाठी तेल मागत तो अजून हिंडतो आहे, असं त्या भागात सांगतात. आर्थरच्या जखमेला बेट मिळालं, अश्वत्थाम्याच्या जखमेला वाटभर तेल. दोन्हींत मला दुसरी कल्पना जास्त खरी वाटते, कारण तिच्यात जगत राहण्याचा शीण आहे. ॲव्हलॉनच्या जाहिरातीत तो शीण कुठेच नसतो.

त्या जाहिरातीतला चेहरा उजळ असतो, नितळ, सावलीला थारा न देणारा. आणि कारासचा चेहरा बघावा तर तो सगळा सावल्यांचा बनलेला आहे. डोळ्यांखाली काळं, गालाच्या खळग्यात काळं, कपाळावर दोन काळ्या चिरा. इथे सुरकुतीला मधला मार्ग नाही; ती एक तर पुरती काळी होऊन उमटेल, नाहीतर दिसणारच नाही. म्हणून कारासचं वय, त्याची जागरणं, त्याने गमावलेली माणसं हे सगळं काळ्यातच लिहावं लागतं. ते काळं पुसून टाकलं तर मागे तरुण कारास उरणार नाही. कोरा कागद उरेल.

मरण नसेल तर जगण्याला अर्थ उरत नाही, असं चित्रपटात शब्दांतही सांगितलं जातं. पात्रांच्या तोंडी ते जरा भाषणासारखं वाटतं आणि ऐकताना मी थोडा अवघडतो. पण पडदा तेच आधीपासून दाखवत आलेला असतो आणि त्याला वाद घालावा लागत नाही. उजेडाने चेहरा दिसतो ही आपली समजूत; नुसत्या उजेडात काहीच दिसत नाही. कुठेतरी थांबणारा उजेडच आकार देतो. माणसाच्या आयुष्याची कड अशी काळ्याने रेखलेली असते हे मला पुस्तकांतून माहीत होतं. ते डोळ्यांना पटवलं या चित्रपटाने, आणि तेही पानभर तत्त्वज्ञान न सांगता, दिवा कुठे धरायचा एवढंच ठरवून.

शेवट मात्र मला छळतो. कारास इलोनाला शोधून काढतो. ती सुखरूप आहे, आणि तिला जे सापडलं आहे त्याच्यावर तिचा विश्वास आहे; ते जगाला द्यावं असं तिला वाटतं. तिने नाव बदलून दूर निघून जावं, गप्प राहावं, ही कारासची विनवणी ती मानत नाही. आणि जिला वाचवायला म्हणून तो सगळा काळोख तुडवत आला तिलाच तो गोळी घालतो. हे गुपित कंपनीच्या हाती पडू नये म्हणून. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी त्याच्या बाजूने होतो. शोकांतिकेला साजेसं वाटलं होतं. आता तसं वाटत नाही. एका तरुण बाईने आयुष्य ओतून काही शोधलं, आणि साऱ्या मानवजातीच्या वतीने निकाल द्यायला एक थकलेला पोलीस पुरेसा ठरला. बिस्लानला तोंड कसं दाखवायचं, हा प्रश्न त्याच्यापुढे उरतोच. काळ्या-पांढऱ्या या चित्रपटात सगळ्यात करडी जागा ही. रंगात नाही, कृतीत.

दरम्यान चित्रपटही वयाला आला. २००६ साली डोळे दिपवणाऱ्या त्या हालचाली आता कुठेकुठे अधांतरी वाटतात. पाऊल जमिनीला टेकतं पण वजन पोचत नाही. हात जरा सरबरीत फिरतात. जुन्या रिळांवर ओरखडे पडायचे. संगणकाच्या चित्राला कधी काही होणार नाही असं तेव्हा सगळ्यांना वाटत होतं. झालं ते निराळंच. आकड्यांवर ओरखडा पडला नाही, पण पाहणारा डोळा पुढे गेला. मला या उणिवा आवडू लागल्या आहेत. त्यांच्यातून ती माणसं दिसतात, रिकाम्या दालनात टिकल्या लावून, नसलेल्या शहरातून चाललेली.

कथेतलं २०५४ साल आता फार लांब राहिलेलं नाही. आज तिशीत असलेली मंडळी तेव्हा साठीत असतील, म्हणजे ॲव्हलॉनच्या नेमक्या गिऱ्हाइकांच्या वयात. आणि ॲव्हलॉनही नुसतं कल्पनेत उरलेलं नाही. म्हातारपणाचा अभ्यास करायला गूगलने २०१३ साली ‘कॅलिको’ ही कंपनी काढली. २०२२च्या जानेवारीत ‘आल्टोस लॅब्ज’ तीन अब्ज डॉलर घेऊन समोर आली, पेशींना पुन्हा तरतरीत करण्याचं शास्त्र धुंडाळायला. यांतून उद्या प्रोजेरियाच्या मुलांना पुरतं बरं करणारं औषध मिळालं तर त्याहून मोठा आनंद कोणता? त्या संशोधनावर गोळी झाडावी असं मला वाटत नाही. इलोनावर तर नाहीच.

म्हणूनच शेवटच्या त्या गोळीकडे मी आता निराळ्या नजरेने पाहतो. भीती इलोनाच्या शोधाची नव्हतीच. तो शोध कुणाच्या नावावर चढणार, कोण तो कुणाला आणि किती भावाने विकणार, याची होती. पण कंपनीला छाती नसते, कानशिलं नसतात, उजेडात धरावा असा चेहरा नसतो. पिस्तूल रोखायचं तर समोर माणूस लागतो, आणि माणूस तेवढा इलोनाच होती. नॉयरमधला नायक हरतो तो इथे. गुन्हेगार माहीत असूनही त्याच्या हातून मरतं ते भलतंच कुणीतरी. २०५४ येईपर्यंत आपल्याला दुसरं काही शिकायला अजून वेळ आहे. कंपनीला जाब विचारण्याची कामं पिस्तुलाची नसतात. ती कायद्यांची, पेटंटांची, औषधांच्या किमतींची असतात. रटाळ, कागदी, वर्षानुवर्षं चालणारी. त्यांच्यावर कुणी चित्रपट काढणार नाही. ती करता करता काळ्याचे पांढरे होतील, आणि ते केस तरी उन्हाने झाले असं कुणाला म्हणता येणार नाही.